ययातीचें स्वर्गपतन

ययाति म्हटला कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वासनेनें पेटलेला, पुत्रापाशीं तारुण्य मागणारा राजा उभा राहतो. हें श्रेय अर्थातच कै. वि. स. खांडेकर यांचें. १९३८ साली ते शिरोड्याहून आमच्या कोल्हापुरास आले आणि येथेंच राहिले. त्यांची ‘ययाति’ १९५९ सालीं प्रसिद्ध झाली, १९७४ चें ज्ञानपीठ पारितोषिक तिला लाभलें, आणि त्यानंतर तर हें नांव भोगलालसेचें सामान्यनामच होऊन बसलें. परंतु व्यासांचा ययाति एवढाच नाहीं. त्याच्या कथेचा कोणता भाग आपण हरवून बसलों, हें ध्यानांत येण्यास मला ग्रीक पुराणकथांचा फार उपयोग झाला.

ग्रीकांच्या ‘ह्युब्रिस’ या शब्दास ‘गर्व’ हा प्रतिशब्द देऊन आपण मोकळे होतों. तो अपुरा आहे. गर्व ही मनाची अवस्था. ह्युब्रिस ही कृति. अथेन्समध्यें तो न्यायालयांत नेण्याजोगा गुन्हा होता, आणि ॲरिस्टॉटलनें त्याची व्याख्या करतांना दुसऱ्याच्या विटंबनेंत मिळणाऱ्या सुखावर नेमकें बोट ठेविलें आहे. इस्किलसच्या ‘ॲगमेम्नॉन’ नाटकांत (ख्रि. पू. ४५८) ट्रॉय जिंकून आलेल्या राजापुढें राणी मौल्यवान वस्त्रें अंथरविते. हा मान देवांचा, माणसाचा नव्हे, हें राजा स्वतःच बोलून दाखवितो. पायांतील वहाणा काढवितो. आणि अखेर त्या वस्त्रांवरून चालत जातो. आपण मर्यादा ओलांडीत आहों हें त्यास पुरतें ठाऊक असतें. प्रसंगाची भीषणता यांतच आहे.

असाच एक पाय आपल्या महाभारतांत आहे. वृत्रवधानंतर इंद्र लपून बसला, तेव्हां देवांनीं व ऋषींनीं मर्त्य नहुषास इंद्रपदीं बसविलें. त्यानें तें चोरलें नव्हतें; तें त्याच्याकडे चालून आलें होतें. पद मिळाल्यावर मग इंद्राणीहि हवीशी झाली! ऋषींनीं वाहिलेल्या वाहनांतून ये, अशी अट शचीनें घातली. तो निघाला, अगस्त्याच्या मस्तकास त्याचा पाय लागला, आणि तो सर्प होऊन खालीं कोसळला. महत्त्वाकांक्षा पद मिळण्यापूर्वीं नव्हे, तर मिळाल्यानंतर जागी होते, हें व्यासांचें निरीक्षण मला ग्रीकांपेक्षांहि सूक्ष्म वाटतें.

नहुष हा ययातीचा पिता. मूळ कथेंतील शाप त्याच्यापुरताच होता. खांडेकरांनीं तो त्याच्या मुलांवरहि लादला. टँटलसच्या कुळाची येथें आठवण होते. टँटलसनें पोटचें मूल शिजवून देवांस वाढलें. नातू ॲट्रियसनें भावास त्याचींच मुलें खाऊं घातलीं. ॲट्रियसच्या मुलानें, ॲगमेम्नॉननें, आपली कन्या बळी दिली. मात्र येथें प्रत्येक पिढी नवें पाप स्वतःच्या हातानें करते. खांडेकरांचा ययाति पुष्कळदां शापाच्या आड उभा राहतो. तो दुबळा आहे, सुखास हपापलेला आहे, उन्मत्त नाहीं. कादंबरींतील खरा अहंकार देवयानीचा, आणि म्हणूनच तिचें निवेदन मला अधिक जिवंत वाटतें.

आतां गळलेल्या भागाकडे वळूं. पुरूस तारुण्य परत दिल्यावर व्यासांची कथा संपत नाहीं. ययाति तप करून स्वर्गास जातो. तेथें इंद्र विचारतो, तपांत तुझ्या तोडीचा कोण? देवांत, मनुष्यांत, गंधर्वांत, महर्षींत कोणीहि नाहीं, असें तो उत्तर देतो. तत्काळ पुण्य सरतें आणि तो खालीं येऊं लागतो. पित्याचें पतन भोगाच्या उन्मादांतून झालें. पुत्राचें, भोग सोडल्याच्या अभिमानांतून! उद्योगपर्वांत नारद हीच कथा थोड्या निराळ्या रूपानें दुर्योधनास ऐकवितात, आणि तेथें ती अभिमानाची कथा म्हणूनच येते.

खांडेकरांनीं हें वगळलें. सुखलोलुप आधुनिक माणसास आरसा दाखवावयाचा, तर त्यागाच्या क्षणीं थांबणें सोयीचेंच होतें. मला मात्र ही हानि मोठी वाटते. गांधीयुगांतील त्यागी माणसें ज्यांनीं जवळून पाहिलीं, आणि त्यांतील कित्येकांचा त्याग पुढें कसा मिरवूं लागला हेंहि पाहिलें, त्या लेखकाच्या हातीं हा प्रसंग किती फुलला असता!

ग्रीकांस तो मानवला असता कीं नाहीं, याविषयीं मला शंका आहे. त्यांचा टँटलस अजून पाण्यांत तहानलेलाच उभा आहे. नायोबी शिळा होऊनहि रडत आहे. आपल्याकडे युधिष्ठिराच्या उत्तरांनीं नहुष सर्पयोनींतून सुटतो. ययाति पडतो तो यज्ञ करीत असलेल्या आपल्या नातवांमध्यें. ते त्याला आपलें पुण्य देऊं करतात, आणि ज्यानें एकदां मुलाचें तारुण्य मागून घेतलें, तोच ययाति हें दान घेण्यास नकार देतो.