'स्मृतिचित्रे' : विनोद की विश्वास?

ख्रिस्ती जीवनातील आनंदाचा विषय निघाला म्हणजे आपण स्तोत्रांकडे व पौलाच्या पत्रांकडे वळतो. ते योग्यच आहे. फिलिप्पैकरांस पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे एवढे स्मरले, तरी या आनंदाचा सुखसोयींशी फारसा संबंध नाही हे ध्यानात येते. परंतु मराठी ख्रिस्ती वाचकापाशी याच विषयावरील आणखी एक साक्ष आहे, आणि तिची गणना केवळ वाङ्मयात करून आपण मोकळे झालो आहोत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. 'विनोदी', 'प्रांजळ', 'घरगुती' ही तिची ठरलेली विशेषणे. त्यांत खोटे काही नाही. पण विनोद हा लेखिकेचा स्वभाव आणि विश्वास हा तिचा धर्म, अशी जी वाटणी टीकाकार करतात, ती मला मान्य नाही.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. 1857 च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे विकोपाला गेले आणि बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येईनासा झाला. या जाचात वाढलेली मुलगी पुढे तो सांगते, तो हसत सांगते. मात्र जाच लपवीत नाही आणि वडिलांना हिणवीतही नाही. क्षमेचे याहून चांगले उदाहरण आमच्या प्रवचनांत मला क्वचितच आढळले आहे.

1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. वियोगाची वर्षे गेली, पुन्हा एकत्र संसार सुरू झाला, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 चा. मधल्या काळातील प्रश्न त्रैक्याचा वा प्रायश्चित्ताचा नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा आहे. ईश्वरविज्ञान शिकलेल्या वाचकास हे उथळ वाटेल. मला ते तसे वाटत नाही. प्रभुभोजनाच्या मेजाकडे जाणारी त्यांची वाट स्वयंपाकघरातूनच जात होती.

आम्हा इंदूरकरांना हे सराफ्यावरून सहज समजावे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार. रात्री पेढ्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, जिलेबी, हिवाळ्यात गराडू. खांद्याला खांदा लावून माणसे खातात आणि कढईमागील माणसाची जात कोणी विचारीत नाही. मोठी आनंदाची जागा आहे ती! परंतु तेथे शेजारी उभे राहून खाणाऱ्याला घरच्या पंक्तीस बोलवावयाचे झाले, की पुष्कळांचा हात आखडतो. त्यात ख्रिस्ती घरेही आली. लक्ष्मीबाईंनी तो उंबरठा ओलांडला, आणि त्यानंतरचे त्यांचे हसणे मला अधिक मोकळे ऐकू येते.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. त्यांच्या एकांतातील प्रार्थनेविषयी, शंकाकुल रात्रींविषयी अधिक वाचावेसे वाटते, आणि नेमक्या तेथे त्या पुढल्या प्रसंगाकडे वळतात. पण 1919 मध्ये टिळक गेले, 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, आणि ते काम याच बाईंनी, शालेय शिक्षण नसताना, पुढे चालविले. सेमिनरीत 'स्मृतिचित्रे' लावावयाचीच, तर ती मराठीच्या तासाला न लावता ईश्वरविज्ञानाच्या वर्गात लावावी.