कॉन्ट्राचे पाठभेद

जुन्या व्हिडीओ गेमबद्दल मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते आठवणींच्या अंगाने जाते. उन्हाळ्याची सुट्टी, तासाच्या भाड्याने खेळलेला टीव्ही गेम, फुंकर मारून बसवलेली कॅसेट, ऐन वेळी गेलेली लाइन. या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट न तपासता धरून चालतात: खेळ एकच होता आणि सगळ्यांनी तोच खेळला. 'कॉन्ट्रा'चे नाव निघाले की समुद्रपूरचा माणूस, टोकियोतला माणूस आणि न्यू जर्सीत वाढलेला मराठी मुलगा एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असे आपण मानतो. प्रती शेजारी ठेवून पाहिल्या की हे मानणे टिकत नाही.

प्रतिस्पर्धी यंत्रांवरच्या एकाच खेळाची तुलना म्हटली की जाणकार बहुधा 'अलादीन'चे उदाहरण देतात. डिस्नेच्या चित्रपटावरून १९९३ साली सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी व्हर्जिन कंपनीने एक खेळ केला आणि निन्टेंडोच्या सुपर यंत्रासाठी कॅपकॉमने दुसरा. पहिल्यात डेव्हिड पेरी यांच्या चमूला डिस्नेच्या चित्रकारांची साथ होती आणि नायकाच्या हाती तलवार होती. दुसरा शिंजी मिकामी यांनी आखला. त्यात तलवार नाही, उड्या आहेत. पण त्या दोन खेळांत शीर्षक आणि कथा सोडली तर समान काहीच नाही. एका कथेवर दोन नाटककारांनी दोन नाटके लिहावीत, तसा तो प्रकार. कोणते आवडते हे सांगता येईल, पण त्यांचे पाठभेद काढता येणार नाहीत. 'कॉन्ट्रा'चे तसे नाही. इथे कर्ता एकच, जपानची कोनामी कंपनी, आणि नकला अनेक. पोथ्या जुळवणाऱ्याला हवी असते तशी ही सामग्री आहे.

मूळ प्रत म्हणायची तर १९८७ची, नाणे टाकून खेळायच्या उभ्या पेटीतली. तिचा पडदाही उभाच होता: रुंदी २२४ ठिपके, उंची २८०. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण खेळाचा सगळा स्वभाव त्यात आहे. 'कॉन्ट्रा' हा उजवीकडे धावत गोळ्या झाडण्याचा खेळ. धावणाऱ्याला समोरचे जेवढे अंतर दिसते, ती या पेटीत पडद्याची आखूड बाजू आहे. डोक्यावर भरपूर आकाश, समोर मात्र थोडीशी वाट. शत्रू दिसतो तो जवळजवळ अंगावर आल्यावरच. नाणी खाणाऱ्या पेटीला हे सोयीचे होते, खेळणाऱ्याला नव्हते. धबधब्याची चढण तेवढी या उभ्या पडद्याला शोभते. तळावरच्या आतल्या स्टेजमध्ये वर नकाशा आणि उलटी मोजली जाणारी वेळ असते. भुलभुलैयात वाट शोधायची आणि घड्याळही सांभाळायचे. शेवटी बर्फाळ प्रदेशापासून परग्रहवासीयांच्या गुहेपर्यंतचा भाग एका दमात येतो, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

फेब्रुवारी १९८८मध्ये हाच खेळ निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आला. यंत्र पेटीपेक्षा कितीतरी दुबळे. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रे ते दाखवू शकत नाही, म्हणून एसची बंदूक घेतली की गोळ्या लुकलुकतात. रंग मोजके, आवाज मोजका. तरीही माझे मत स्पष्ट आहे: नक्कल मुळापेक्षा सरस आहे. पडदा आडवा झाल्याने खेळाला त्याची नैसर्गिक दिशा मिळाली. आतल्या स्टेजमधले घड्याळ आणि भुलभुलैया काढून टाकले, तेव्हा शिल्लक राहिली ती फक्त भिंत, तोफा आणि तुम्ही. शेवटच्या लांबलचक भागाचे तुकडे पाडून एकूण आठ स्टेज केल्या. प्रत्येकीला स्वतःचा रंग आणि स्वतःचा शेवट मिळाला. आज 'कॉन्ट्रा' म्हणून ज्या आठ स्टेज लोक क्रमाने सांगतात, त्या पेटीत तशा नव्हत्याच. संपादकाने कात्री चालवली आणि ग्रंथ उभा राहिला, असे क्वचितच होते. इथे झाले.

आडव्या पडद्याचा एक तोटा मात्र धबधब्यात दिसतो, आणि तो इथल्या प्रत्येक खेळणाऱ्याला माहीत आहे. दोघे खेळताना एक जण झपाझप वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खालच्याचा जीव पडद्याच्या तळाच्या कडेने जातो. शत्रूने न मारता जोडीदाराने मारलेले! याच स्टेजवर किती रिमोट आपटले गेले असतील याचा हिशेब नाही.

आता खरी गाठ. घरगुती 'कॉन्ट्रा'ही एक नव्हे. त्याच फेब्रुवारीत जपानमध्ये निघालेली प्रत आणि अमेरिकेत निघालेली प्रत वेगळ्या आहेत. जपानी प्रतीत खेळ सुरू होण्याआधी आणि स्टेजच्या मधे कथादृश्ये येतात, प्रत्येक स्टेजपूर्वी बेटाचा नकाशा दिसतो, जंगलात नारळाची झाडे वाऱ्याने डोलतात आणि बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ उडतो. अमेरिकी प्रतीत यातले काही नाही. झाडे थिजलेली, नकाशा गायब. कारण कलेचे नव्हते, कारखान्याचे होते. जपानी कॅसेटमध्ये कोनामीने स्वतःची चिप बसवली होती, जी चित्रांचे संच क्षणात बदलू शके. साठवणही दुप्पट होती, २५६ किलोबाइट. अमेरिकेत कॅसेटी निन्टेंडो स्वतः बनवत असे आणि बाहेरच्या कंपनीची चिप तिथे चालत नसे. मग १२८ किलोबाइटच्या साध्या पाटीवर मावेल तेवढेच ठेवले. त्याच निन्टेंडोची दुसरी अट होती की तिच्या यंत्रासाठी केलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. सेगाच्या यंत्रावर ही मालिका दिसली ती थेट १९९४ साली, 'हार्ड कोर' या नव्या खेळाच्या रूपाने.

कथाही बदलली. जपानी कथा २६३३ सालच्या गालुगा नावाच्या बेटावर घडते. अमेरिकी माहितीपुस्तिकेने ती उचलून वर्तमानात, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून ठेवली. यात गंमत अशी की निकाराग्वातल्या 'कॉन्ट्रा' बंडखोरांचे प्रकरण तेव्हा अमेरिकेत गाजत होते, आणि पेटीच्या खेळातल्या शेवटच्या संगीताचे नाव 'सँडिनिस्टा', म्हणजे त्या बंडखोरांच्या शत्रुपक्षाचे. कोनामीतल्या कोणाला तरी वर्तमानपत्रे वाचायची सवय होती एवढे नक्की. युरोपात राजकारण नको आणि माणसे मारणेही नको, म्हणून १९९०मध्ये जर्मनीच्या बालसंरक्षण कायद्याकडे पाहून नायकांचे आणि शत्रूंचे रोबो केले व नाव ठेवले 'प्रोबोटेक्टर'. त्या प्रतीबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. मजकूर तोच, मुखवटे पत्र्याचे. एमएसएक्स-२ संगणकावरची प्रत मात्र विचित्र आहे. त्या संगणकाला चित्र आडवे सरकवता येत नसल्याने पडदा पानासारखा उलटतो, आणि एका गोळीत मरण्याऐवजी नायकाला शक्तीची पट्टी दिली आहे. सरकत्या पडद्याशिवाय आणि एका गोळीच्या मरणाशिवाय 'कॉन्ट्रा' म्हणजे ओवी-अभंगाचे गद्य केल्यासारखे वाटते.

मग आपण कोणती प्रत खेळलो? १९९०च्या दशकात आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या खोक्यांत जे टीव्ही गेम आले, त्यांची खाच जपानी यंत्राची, म्हणजे साठ पिनांची. अमेरिकी कॅसेटला बहात्तर पिना असतात. तेव्हा आपली प्रत जपानी असेल असे वाटणे साहजिक आहे. समुद्रपूर, हिंगणघाट आणि वर्धा इथून मी गोळा केलेल्या सात कॅसेटींपैकी ज्या चालतात, त्या सगळ्यांत मात्र नकाशा येत नाही आणि नारळाची झाडे हलत नाहीत. शरीर जपानी, मजकूर अमेरिकी. हे का झाले हेही कळण्यासारखे आहे: कोनामीची खास चिप लागणारी प्रत उतरवण्यापेक्षा साध्या पाटीची प्रत उतरवणे नक्कल करणाऱ्याला स्वस्त पडते. वाचकांकडे माळ्यावर कॅसेट असेल तर कसोटी सोपी आहे. जंगलात उभे राहा, गोळी झाडू नका, झाडांकडे पाहा.

पण आपली प्रत अमेरिकीही नव्हे. अमेरिका आणि जपानचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रे दाखवी, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास. हा खेळ घड्याळ पाहत नाही, चित्रे मोजतो. म्हणून पाल टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रावर तो एक षष्ठांशाने हळू चालतो. साठ सेकंदांची चाल बहात्तर सेकंदांना पुरी होते. युरोपच्या अधिकृत यंत्रात प्रोसेसरही हळू असल्याने सूर खाली उतरत. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या पाल चिपांत प्रोसेसर जवळजवळ जपानी गतीचाच ठेवलेला असल्याने सूर जागेवर राहतो आणि लय तेवढी मंदावते. गायकाने पट्टी न बदलता विलंबित घ्यावे तसे. शिवाय प्रत्येक चित्रामागे प्रोसेसरला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे गोळ्यांच्या गर्दीत खेळ तत्त्वतः कमी अडखळतो.

याचा परिणाम आपल्या फुशारकीवर होतो. 'आम्ही तीन लाइफमध्ये कॉन्ट्रा संपवायचो' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि अमेरिकेत हा खेळ अतिशय कठीण गणला जातो हेही खरे आहे. वर-वर-खाली-खाली करून तीस लाइफ मिळवण्याची युक्ती तिकडे घरोघरी पोचली ती उगाच नाही. दोन्ही बाजू खरे बोलतात. आपल्या प्रतीत गोळी पोचायला एक पंचमांश वेळ जास्त लागत होता. आपले कौशल्य यामुळे खोटे ठरत नाही. ते दुसऱ्या वृत्तातले होते एवढेच.

आणि आपल्याला माहितीपुस्तिका मिळाली नाही. बिल आणि लान्स ही नावे इथे कोणाला ठाऊक नव्हती. एक निळा, एक लाल. गालुगा नाही, ॲमेझॉन नाही, सँडिनिस्टा नाही. जपानी प्रतीची कथादृश्ये अमेरिकेने कापली आणि अमेरिकेची पुस्तिका वाटेत गळाली, तेव्हा आपल्यापर्यंत पोचले ते शब्दांवाचूनचे नाटक. जपानी कथादृश्ये मी आता पाहिली आहेत. ती कापली गेल्याचे मला दुःख नाही. उडणाऱ्या बर्फाचे आहे. थंडीचा भास देणारे त्या स्टेजमध्ये तेवढेच होते.

क्षेपकांचा विचार वेगळा करावा लागतो. ९९९९ खेळांच्या कॅसेटीत खरे खेळ मोजकेच असत आणि तेच पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या नावाने तर कधी वेगळ्या आरंभाने, यादीत घातलेले असत. कोणत्या ओळीवर बटण दाबले यावर खेळ जंगलातून सुरू होईल की बर्फातून, हे ठरे. पोथीच्या मध्यापासून पारायण सुरू करणारे वाचक या कॅसेटींनी तयार केले. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना ऊर्जाक्षेत्राची स्टेज तोंडपाठ आहे आणि धबधबा आठवतच नाही.

अशा प्रतीला 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि कायद्याच्या भाषेत ते बरोबरही आहे. समीक्षेला ते पुरत नाही. विदर्भातल्या वाचकाला यासाठी दाखला बाहेरून आणावा लागू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते. त्या निरनिराळ्या स्मरणांना महानुभाव ग्रंथकारांनी चुका म्हटले नाही, 'वासना' म्हटले, आणि कोणाची वासना कोणती हे नाव घालून नोंदवले. वि. भि. कोलते यांच्यासारखे संपादक पुढे त्या नोंदींवरच काम करू शकले. हळू चालणारा, न बोलणारा, मधूनच सुरू होणारा आपला 'कॉन्ट्रा' ही अशीच एक वासना आहे, आणि तिच्यापुढे अजून कोणी नाव घातलेले नाही. जपानी, अमेरिकी आणि युरोपी प्रती जगभरच्या संग्राहकांनी ठिपक्या-ठिपक्याने जपल्या आहेत. साठ पिनांची, अमेरिकी मजकुराची, पन्नास चित्रांच्या टीव्हीवर चाललेली प्रत कोणत्या तालुक्यात कोणत्या यादीसह मिळत होती, हे लिहून ठेवण्याचे काम आपलेच आहे.

ते काम दिसते तितके आरामाचे नाही. स्वस्त कॅसेटीत चिप सुटी नसते. पाटीवर काळ्या राळेच्या थेंबाखाली गाडलेली असते. ती काढून वाचता येत नाही, वाचायची तर त्या साठ पिनांमधूनच. आणि पिनांवर वर्षानुवर्षांच्या फुंकरांचा ओलावा बसलेला आहे. माझ्याजवळच्या सातपैकी चार कॅसेटी आज चालू होतात. गेल्या दिवाळीत पाच होत होत्या.