शरीरशास्त्राची मराठी परिभाषा : 'पेशी', 'स्नायू' आणि 'मज्जा' या संज्ञांच्या निमित्ताने

शरीररचना व शरीरक्रिया या विषयांच्या मराठी परिभाषेवर होणारी टीका बहुधा एकाच आक्षेपापाशी येऊन थांबते. ही परिभाषा संस्कृतप्रचुर आहे, बोजड आहे, विद्यार्थ्याच्या जिभेवर रुळत नाही, असा तो आक्षेप होय. हा आक्षेप फारसा खोल नाही. 'चयापचय' हा शब्द प्रथमदर्शनी अवघड वाटला, तरी चय म्हणजे घडण व अपचय म्हणजे मोडण हे एकदा उमगले की शरीरातील दोन्ही रासायनिक प्रक्रियांचा बोध एकाच शब्दात होतो. 'रक्तदाब' तर इतका रुळला आहे की तो कधीकाळी घडविलेला शब्द आहे याचे स्मरणही कोणास राहिलेले नाही. अवघड शब्द सवयीने सोपा होतो. संदिग्ध शब्दाचे तसे होत नाही, आणि या परिभाषेचा खरा दोष संदिग्धतेत आहे.

'स्नायू' या संज्ञेचे उदाहरण पाहता येईल. शालेय पाठ्यपुस्तकात, वृत्तपत्रात व व्यायामशाळेत स्नायू म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडविणारा मांसल अवयव. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र स्नायूंची संख्या 900 आणि पेशींची 500 सांगितली आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचा आकारबद्ध भाग आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी दोरी. फळ्या दोरांनी आवळल्यावर नाव जशी भार वाहण्यास समर्थ होते, तसे शरीर स्नायूंमुळे होते, असा तेथील दृष्टान्ताचा आशय आहे. हिंदीने हाच जुना अर्थ राखला आणि मांसल अवयवास 'पेशी', तर सूक्ष्म जीवघटकास 'कोशिका' म्हटले. मराठीने 'पेशी' हा शब्द सूक्ष्म घटकासाठी घेतला. त्यामुळे मांसल अवयवासाठी 'स्नायू' पुढे सरकला आणि सांध्यांतील बंधासाठी 'अस्थिबंध' हा नवा शब्द घडवावा लागला. ही सरकासरक स्वतंत्रपणे पाहिली तर निर्दोष आहे. कोणत्याही भाषेस तो अधिकार असतो. अडचण येते ती जुनी व नवी व्यवस्था एकाच विद्यार्थ्याच्या वहीत शेजारी येतात तेव्हा.

नाशिकमध्ये ही अडचण केवळ तात्त्विक राहत नाही. 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे आणि आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखांची राज्यभरातील महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी दहावीपर्यंत 'स्नायू' एका अर्थाने शिकतो. आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षी 'रचना शारीर' या विषयात तोच शब्द त्यास दुसऱ्या अर्थाने भेटतो. शेजारच्या इंग्रजी ग्रंथात 'मसल' व 'लिगामेंट' हे दोन स्वतंत्र शब्द असतात, आणि गुडघा मुरगळलेल्या रुग्णास समजावताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे त्यास स्वतःच ठरवावे लागते.

'मज्जा' या शब्दाची कथा याहून गंभीर आहे. सप्तधातूंपैकी मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील स्निग्ध द्रव्य. 'अस्थिमज्जा' या समासात तो अर्थ टिकून आहे. परंतु रूढ मराठीत 'मज्जातंतू', 'मज्जासंस्था', 'मज्जारज्जू' हे शब्द मेंदू व त्याच्या तंतूंसाठी वापरले जातात. परिणामी 'मज्जेचा विकार' असे म्हटल्यास तो रक्तनिर्मितीचा की संवेदनवहनाचा, हे कळण्यास मार्ग नाही. पाठ्यपुस्तकांनी 'चेतासंस्था' व 'चेतापेशी' हे शब्द स्वीकारून हा गुंता सोडविला, आणि तो निर्णय उत्तम होता. मात्र मराठी विश्वकोशाच्या नोंदींत 'तंत्रिका' लिहून कंसात 'मज्जा' आणि 'कोशिका' लिहून कंसात 'पेशी' द्यावे लागते. कंस हा संपादकाचा प्रामाणिकपणा खरा. पण आपला शब्द वाचकाचा नाही याची ती कबुलीही आहे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, संज्ञा सुचविणे आणि संज्ञा एकमुखाने चालविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. महाराष्ट्रात पहिले पुष्कळ झाले.

इंग्रजी परिभाषा जन्मतःच सुव्यवस्थित होती असा समज असल्यास तो टिकणारा नाही. 'आर्टरी' या शब्दाच्या ग्रीक मूळरूपाने श्वासनलिकेचाही निर्देश होत असे, कारण मृत शरीरात रिकाम्या आढळणाऱ्या या वाहिन्यांत वायू असतो अशी समजूत होती. (संस्कृत 'धमनी'चे मूळही फुंकण्याच्या धातूतच आहे, हे साम्य मौजेचे आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात शारीरसंज्ञांची संख्या सुमारे 50,000 झाली होती. 1895 मध्ये बाझेल येथे शरीररचनातज्ज्ञांनी त्यांची छाटणी करून ती सुमारे 5,000 वर आणली. ती यादीही पुढे अनेकदा सुधारली गेली. छाटणीचे हे काम शब्दसौंदर्याच्या निकषावर झाले नाही. एका अवयवास एकच नाव, हा नियम तेथे पाळला गेला.

मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत बहुतांश संज्ञा इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिल्या आहेत. या मार्गाने संदिग्धता टळते, हे मान्य करावयास हवे. तथापि दहा वर्षे शाळेत शिकविलेली चेतापेशी व चयापचय यांचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहतो.

मराठी कोशकारांनी आणखी एक साठा दुर्लक्षिला आहे. नडगी, पोटरी, खुबा, घोटा, बरगडी, मणका, पडजीभ, वार, नाळ हे शब्द सुईणीपासून शेतमजुरापर्यंत सर्वांस ठाऊक आहेत आणि त्यांतील बहुतेक अर्थाने काटेकोर आहेत. लोकभाषेतील सर्वच शब्द असे नाहीत, हेही खरे. 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, चेतातंतू किंवा कंडरा यांपैकी काहीही असू शकते. 'काळीज' मुळात यकृत, व्यवहारात हृदय. म्हणून निवड करावी लागेल. 'नडगीचे हाड' असे असताना 'अंतर्जंघास्थी' घडविण्याची आवश्यकता नव्हती. 'शीर' मात्र परिभाषेबाहेरच राहिली पाहिजे, आणि रुग्णाने ती उच्चारल्यावर बोट नेमके कोठे ठेवले हे पाहण्याचे शिक्षण प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकातच दिले गेले पाहिजे.