जॉर्ज हॅरिसनची उतरण नेमकी कुठून?

जॉर्ज हॅरिसनच्या कारकिर्दीला उतरती कळा कधी लागली, या प्रश्नाची तीन ठरलेली उत्तरं रॉकच्या रसिकांकडे असतात. कुणी १९७४ सांगतं: बसलेल्या आवाजानिशी रेटलेला अमेरिकेचा दौरा. कुणी १९७६ सांगतं, कारण त्या वर्षी ‘माय स्वीट लॉर्ड’ची चाल उसनी असल्याचा निकाल न्यायालयाने दिला. आकड्यांवर भिस्त असलेले १९८२ वर बोट ठेवतात. त्या वर्षीचा ‘गॉन ट्रॉपो’ बिलबोर्डच्या यादीत १०८व्या क्रमांकापर्यंत कसाबसा पोचला आणि ब्रिटनच्या यादीत आलाच नाही. त्याच्या बारा वर्षं आधी याच माणसाचा तीन तबकड्यांचा संच अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. मला या तिन्ही तारखा उशिराच्या वाटतात. घसरण १९७३ मध्ये, खप जोरात असतानाच सुरू झाली होती. गाणी आटली म्हणून ती झाली असं मी मानत नाही. हॅरिसनच्या भोवतीची माणसं कमी झाली, हे तिचं खरं कारण आहे.

गाणी आटली हा सिद्धान्त सोयीचा आहे आणि अर्धा खराही आहे. बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनी यांच्या जोडीपुढे हॅरिसनच्या वाट्याला प्रत्येक तबकडीत एखाद-दोन जागा येत. ‘इजन्ट इट अ पिटी’ १९६६ पासून पडून होतं. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ची जानेवारी १९६९ मध्ये चौघांनी तालीम केली आणि ते सोडून दिलं. त्याच वर्षी ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ आली, आणि या धाकट्या बीटलला इतकी वर्षं कोपऱ्यात ठेवलं गेलं होतं हे सगळ्यांना कळलं. गट फुटल्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने साठलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. कोठार रिकामं झालं, मग पुढे काय देणार, असं त्यावरून म्हटलं जातं.

पण तो तीन तबकड्यांचा संच, ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, कान देऊन ऐका. ‘वाह-वाह’ सुरू झालं की आपल्या अंगावर जे येतं ते एका माणसाचं गाणं नाही, तो जमाव आहे. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, रिंगो, बॉबी व्हिटलॉक, आणि बॅडफिंगर या गटाची मुलं साध्या गिटारी एका लयीत घासतायत. निर्माता फिल स्पेक्टर त्या सगळ्यावर घुमारा चढवतोय. हॅरिसनचा आवाज मुळात बारीक, पल्ला बेताचा, वरच्या पट्टीत थोडा थरथरणारा. या गर्दीत तो आवाज एकाएकी मोठा होतो. भजनात मुख्य गाणाऱ्याचा आवाज साधा असला तरी मागचे टाळकरी त्याला उचलून धरतात, तसं इथे घडतं.

त्याची पहिली एकल तबकडी खरं तर याच्याही आधीची आहे, आणि तिचा धागा थेट मुंबईशी जुळतो. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी तो मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांना घेऊन काम केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खाँ. त्याआधी १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला याच शहरात राहून गेला होता. ‘वंडरवॉल म्युझिक’ ही कुणाही बीटलची पहिली स्वतंत्र तबकडी, आणि तीत हॅरिसन गातच नाही. त्याने वादक जमवले, चौकट आखून दिली आणि तो मागे सरकला. या तबकडीला लोक किरकोळ समजतात. मला मात्र पुढच्या तेहेतीस वर्षांची किल्ली तीत दिसते. हा माणूस स्वभावाने साथीदार होता. चार जण जमवावेत, त्यांच्यातलं चांगलं बाहेर काढावं आणि आपली गिटार नेमक्या जागी ठेवावी, हे त्याचं बलस्थान होतं. एकल गायक-गीतकाराची वस्त्रं त्याच्या अंगाला नीट बसणारी नव्हतीच.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेले बांगलादेशासाठीचे दोन कार्यक्रम घ्या. निर्वासितांसाठी काही करावं, ही कळकळ रविशंकरांची. ती ऐकून हॅरिसनने बॉब डिलन, क्लॅप्टन, रिंगो, लिऑन रसेल अशी माणसं गोळा केली. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले. रॉकच्या दुनियेत याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुणी असं काही केलं नव्हतं. त्याच्या संपूर्ण आयुष्यातलं हे शिखर, आणि त्यात तो यजमान आहे.

मग १९७३ चं ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’ आलं. तेही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यातलं ‘गिव्ह मी लव्ह’ही गेलं. स्पेक्टर बेभरवशाचा झाला होता, तेव्हा निर्मिती जवळजवळ सगळी हॅरिसननेच केली. वादक थोडे, नादाचा पसारा आवरलेला. ‘गिव्ह मी लव्ह’ आजही निर्मळ वाटतं, कारण त्यात तो मागतोय, आर्जव करतोय. ‘सू मी, सू यू ब्लूज’मध्ये बीटल्सच्या कोर्टकज्ज्यांचा संताप आहे आणि तोही अस्सल आहे. बाकीच्या बऱ्याच गाण्यांत मात्र त्याला उत्तर सापडलेलं आहे आणि तो ते ऐकणाऱ्याला समजावून सांगतो. लय संथ, तंतुवाद्यांची जाड साय, कडव्यामागून कडवं उपदेश. भक्तीबद्दल माझी तक्रार नाही. मराठी माणसाला अभंगांची सवय असल्याने भक्ती आणि प्रवचन यांच्यातला फरक आपल्या कानाला लगेच कळतो. ‘हे कडवं गाळ’ किंवा ‘इथे लय वाढव’ असं सांगणारं त्या स्टुडिओत कुणी उरलं नव्हतं. लेनन-मॅकार्टनीने त्याच्यावर अन्याय केला हे खरंच, पण त्यांच्यापुढे गाणं उभं करताना ते तावूनसुलाखून निघत असे, हेही तितकंच खरं.

१९७४ मध्ये आजार उघडा पडला. त्या वर्षी त्याने डार्क हॉर्स ही स्वतःची कंपनी काढली, रविशंकरांची तबकडी केली, स्प्लिंटर या जोडीची केली, स्वतःचीही घाईने रेकॉर्ड केली. याच काळात पॅटी बॉइडबरोबरचा संसार मोडला. घशाला विश्रांती मिळाली नाही. तसाच तो २ नोव्हेंबरला व्हँकुव्हरला उभा राहिला, उत्तर अमेरिकेचा दौरा करणारा पहिला माजी बीटल म्हणून. ‘डार्क हॉर्स’ या तबकडीच्या शीर्षकगीतात तो घोगरा आवाज जसाच्या तसा टिपला गेलाय, ऐकताना आपला घसा दुखतो.

या दौऱ्यात जे होतं ते आज वाचून हरखायला होतं. रविशंकरांच्या हाताखाली हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, अल्लारखाँ, सुलतान खाँ, लक्ष्मी शंकर. एवढा मेळ आपल्याकडेही एका रंगमंचावर सहज दिसत नाही. हॅरिसनने तो अमेरिकेच्या बंदिस्त क्रीडागारांमध्ये नेला. प्रेक्षक बीटल्सची गाणी ऐकायला आलेले. त्याने ती मोजकीच घेतली, घेतली त्यांचे शब्दही बदलले. लोक चुळबुळले, समीक्षकांनी झोडपलं. शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा त्रास झाला आणि दौऱ्याच्या काही भागाला त्यांना मुकावं लागलं. इथे मी हॅरिसनच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. हेतू थोर होता, मांडणी मात्र कच्ची. बांगलादेशाच्या वेळी भारतीय संगीत आधी झालं होतं, ऐकणाऱ्यांना त्यामागचं कारण ठाऊक होतं, आणि नंतर येणाऱ्या गायकांचा आवाज शाबूत होता. इथे तिन्ही गोष्टी विस्कटल्या. त्यानंतर थेट डिसेंबर १९९१ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, त्याने दौरा केला नाही. जपानला गेला तो क्लॅप्टन आणि त्याचा वाद्यवृंद बरोबर घेऊन.

खटल्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तो ज्या सुरांवरून झाला ते सूर आपल्याला परके नाहीत. तक्रार अशी की ‘माय स्वीट लॉर्ड’ हे शिफॉन्स या मुलींच्या गटाने १९६३ मध्ये गाजवलेल्या ‘हीज सो फाइन’वरून घेतलंय. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार होते. त्यांनी दोन लहान स्वरवाक्यं वेगळी काढली. आपल्या सरगममध्ये लिहायचं तर एक प-ग-रे, दुसरं प-ध-सा-ध-सा. दोन्ही गाण्यांत ती एकामागून एक तशीच पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्या वाक्यात एका ठिकाणी लागणारा कणस्वरही दोन्हीकडे आहे. पेटीवर वाजवून पाहा: सा, रे, ग, प, ध, भूपाचे पाच स्वर. या पाच स्वरांत हिंडताना कुणाच्या ना कुणाच्या पायवाटेवर पाऊल पडायचंच, हे आपल्याकडे कुणी गुन्हा मानत नाही. तरीही दोन्ही वाक्यांचा क्रम आणि तो कण पाहता साम्य नाकारता येत नाही, असं मला गाणी लागोपाठ ऐकल्यावर वाटतं. ओवेन यांनी लबाडीचा ठपका ठेवला नाही. नकळत, अंतर्मनातून झालेली उचल, असं त्यांनी म्हटलं. खटला चालू असतानाच हॅरिसनचा जुना व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने त्या दुसऱ्या गाण्याचे हक्क विकत घ्यायला हालचाल केली आणि पुढे घेतलेही. १९८१ मध्ये न्यायालयाने क्लाइनला त्यात नफा मिळवू दिला नाही, त्याने मोजलेले ५,८७,००० डॉलर तेवढे हॅरिसनने द्यावेत असं ठरवलं. पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळं होतं. गाणं सुचलं की ते आपलंच आहे ना, ही शंका चाल बांधणाऱ्या माणसाच्या मनात कायमची बसली तर त्याचा हात आखडणारच.

त्यानंतरच्या तबकड्यांवरून मी भरभर पुढे जातो. ‘थर्टी थ्री अँड वन थर्ड’ हसतमुख आहे, १९७९ ची ‘जॉर्ज हॅरिसन’ शांत आणि सुरेल. दोन्ही ऐकण्याजोग्या. १९८० मध्ये वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने ‘समव्हेअर इन इंग्लंड’ परत पाठवली, चार गाणी बदला म्हणून. त्याच वर्षी ८ डिसेंबरला लेननचा खून झाला. रिंगोसाठी लिहिलेल्या गाण्याचे शब्द बदलून हॅरिसनने लेननच्या आठवणीचं ‘ऑल दोज यिअर्स अगो’ केलं. ड्रमवर रिंगो, मागे मॅकार्टनीचा आवाज. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. पुन्हा माणसं जमली की गाणं उभं राहतं! मग ‘गॉन ट्रॉपो’, ज्याचा त्याने प्रचारच केला नाही. हेन्लीच्या फ्रायर पार्कमधली बाग आणि हँडमेड फिल्म्स ही चित्रपटसंस्था यांत त्याचा जीव जास्त रमत होता.

हे एकट्या हॅरिसनचं दुखणं नाही. मॅकार्टनीचा ऐंशीच्या दशकाचा मध्य असाच पोकळ गेला आणि एल्व्हिस कॉस्टेलोसारखा तोडीस तोड सोबती भेटल्यावर १९८९ मध्ये त्याला पुन्हा धार आली. मिक जॅगरने १९८५ आणि १९८७ मध्ये दोन स्वतंत्र तबकड्या काढल्या, त्यांची आज कुणाला फारशी आठवण होत नाही, आणि १९८९ मध्ये तो स्टोन्सबरोबर ‘स्टील व्हील्स’ घेऊन परतला. गटातून बाहेर पडलेल्या रॉक गायकाला पहिली काही वर्षं मोकळीक मानवते. पुढे विरोध करणारा सोबती नसणं त्याच्या गाण्याला आतून खातं.

हॅरिसनला असा सोबती जेफ लिनच्या रूपाने मिळाला. १९८७ ची ‘क्लाउड नाइन’ दोघांनी मिळून घडवली. तीतलं ‘गॉट माय माइंड सेट ऑन यू’ जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं, आणि ते गाणं मुळात हॅरिसनचं नाही, जेम्स रे याने १९६२ मध्ये गायलेलं आहे. मग एका सिंगलच्या पाठच्या बाजूसाठी एक गाणं हवं म्हणून मालिबूत डिलनच्या घरी पाच जण जमले: डिलन, टॉम पेटी, रॉय ऑर्बिसन, लिन आणि हॅरिसन. गॅरेजमधल्या एका खोक्यावरची सूचना पाहून ‘हँडल विथ केअर’ हे शीर्षक सुचलं. त्या गाण्यातला उंच, भावविव्हळ भाग त्याने ऑर्बिसनच्या गळ्यासाठी ठेवला. आपल्या आवाजाला काय झेपतं आणि दुसऱ्याच्या आवाजात काय फुलेल, ही जाण असलेला हॅरिसन इथे पुन्हा दिसतो. ट्रॅव्हलिंग विल्बरीज या पाच जणांच्या गटाची पहिली तबकडी त्यातूनच निघाली.

या सगळ्या चढउतारात एका गोष्टीला ओहोटी लागली नाही: त्याची स्लाइड गिटार. डिलेनी आणि बॉनी या जोडीबरोबर १९६९ च्या अखेरीस वाजवताना ती त्याच्या हाती लागली. स्लाइड वाजवणारे बहुतेक जण ब्लूजच्या रांगड्या खेचीवर जातात. हॅरिसनची नळी तारेवरून सरकते ती मींडेसारखी. निघण्याचा स्वर स्पष्ट, पोचण्याचा स्वर तंतोतंत, आणि मधल्या वाटेवर घाई नाही. सतारीचा उस्ताद आपण होणार नाही, हे मान्य करून त्याने सतार बाजूला ठेवली होती, पण रविशंकरांपाशी कमावलेला कान या डाव्या हातात उतरला. मरणोत्तर आलेल्या ‘ब्रेनवॉश्ड’मधलं ‘मारवा ब्लूज’ ऐका. त्यात मारवा शोधू नये, नावापुरताच तो आहे. पण एका ओळीत तीन-चार स्वरांवर इतकं ठाम उभं राहणं तिशीतल्या हॅरिसनला जमलं नसतं. २००४ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. ही तबकडी अपुरी राहिली होती, ती मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी पुरी केली.

हॅरिसन गेला त्याला वर्ष झालं त्या दिवशी, २९ नोव्हेंबर २००२ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचे मित्र जमले. सूत्रं क्लॅप्टनकडे होती. पूर्वार्धात रविशंकरांची रचना त्यांची मुलगी अनुष्का हिने सादर केली. उत्तरार्धात जो ब्राउनने ‘दॅट्स द वे इट गोज’ गायलं. हे गाणं ‘गॉन ट्रॉपो’मधलं, १०८व्या क्रमांकावरच्या त्याच तबकडीतलं. मूळ ध्वनिमुद्रणात ते ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत नादाखाली दबलेलं आहे. ब्राउनच्या मोकळ्या गळ्यात आणि भोवतीच्या मोठ्या वाद्यमेळात त्याची चाल किती सरळ आणि पक्की आहे ते कळतं. १९८२ मध्ये फ्रायर पार्कच्या स्टुडिओत असा मोकळा वाद्यमेळ असता, तर त्या तबकडीबद्दल आज आपण वेगळं बोलत असतो.