प्रेक्षक, प्रकार, प्रतिनिधान आणि कथन: ‘सैराट’च्या आधारे चार संकल्पनांचा एकत्र विचार

प्रस्तावना

माध्यमअभ्यासाच्या सुरुवातीलाच चार संज्ञा आपल्यासमोर येतात: प्रेक्षक, प्रकार (ज्याला बोलीत सर्रास ‘जॉनर’ म्हणतात), प्रतिनिधान आणि कथन. अभ्यासाच्या सोयीसाठी त्या चार स्वतंत्र घटकांत शिकवल्या जातात. त्यामुळे आपणही नकळत चित्रपटाचे चार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला एकेक संज्ञा चिकटवतो. प्रत्यक्ष कलाकृतीत मात्र या चार गोष्टी एकमेकींवर उभ्या असतात. एक काढून घेतली, की उरलेल्या तिघींचा अर्थ बदलतो.

हे तपासण्यासाठी आपण नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ हा मराठी चित्रपट घेऊ. तो २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तो बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला होता. शहर आणि खेडे अशा दोन्हीकडच्या चित्रपटगृहांत त्याने गर्दी खेचली, आणि पुढे इतर भाषांत त्याची पुनर्निर्मितीही झाली. या टिपणात शेवटच्या प्रसंगाची चर्चा आहे. चित्रपट पाहिला नसेल, तर आधी तो पाहा आणि मग पुढे वाचा.

कथा थोडक्यात अशी: सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गावच्या सत्ताधारी पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या प्रेमात पडतात. प्रकरण उघड होताच दोघे पळून हैदराबादला जातात. झोपडपट्टीत राहून, कष्ट करून संसार उभा करतात. त्यांना मूल होते. काही वर्षांनी आर्चीचा भाऊ आणि त्याची माणसे आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन घरी येतात. आर्ची त्यांना चहा देते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, तेव्हा आईवडील रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात.

१. प्रकार: प्रेक्षकाशी केलेला करार

प्रकार म्हणजे केवळ वर्गवारी नव्हे. स्टीव्ह नील यांच्या मांडणीनुसार प्रत्येक प्रकार पुनरावृत्ती आणि फरक या दोन गोष्टींवर चालतो. ओळखीचे काही मिळेल ही खात्री आणि काही नवे दिसेल ही उत्सुकता, दोन्ही हवीत. त्या अर्थाने प्रकार हा चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यातला करार असतो.

‘सैराट’चा पूर्वार्ध हा करार अगदी मनापासून पाळतो. क्रिकेटचा सामना, मित्रांची थट्टा, चिठ्ठ्या, विहीर, कॉलेज, संथ गतीतली धाव, सारे काही आहे. अजय-अतुल यांनी या प्रेमाला सिम्फनीचा वाद्यवृंद दिला आहे. एरवी श्रीमंत घरातल्या नायकाच्या वाट्याला येणारी संगीताची भव्यता इथे मासे पकडणाऱ्या घरातल्या मुलाला मिळते. चित्रपटातली चारही गाणी दोघे पळून जाण्याच्या आधीच येऊन जातात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. हैदराबादेत पोहोचल्यावर गाणे थांबते.

‘शेवटी नायक-नायिका मरतात म्हणून हा चित्रपट वेगळा’, असे विधान अनेकदा केले जाते. ते टिकत नाही. ‘एक दूजे के लिए’ (१९८१) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) या लोकप्रिय हिंदी चित्रपटांतही प्रेमी मरतातच. म्हणजे मृत्यू या प्रकाराच्या आतलाच आहे. पण तिथे मृत्यू डोळ्यांसमोर घडतो. प्रेमिकांना शेवटचा सहवास मिळतो, संगीत मिळते, आणि आपण रडून मोकळे होतो. ‘सैराट’ हा दिलासा काढून घेतो. हत्या पडद्यावर दिसत नाही. आवाजही राहत नाही. दिसते ते रडत बाहेर पडणारे मूल आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) पासून आपल्या प्रेक्षकाला एक सवय जडली आहे: घरचे शेवटी मानतात. माहेरहून भेटवस्तू येतात, तेव्हा ही सवय जागी होते. आर्चीइतकाच आपलाही विश्वास बसतो. म्हणजे प्रेक्षकाला बेसावध करण्याचे काम प्रकारच करतो.

२. प्रतिनिधान: कोण दिसते आणि कोणत्या जागेवरून

प्रतिनिधान म्हणजे वास्तवाचा आरसा नव्हे, ती रचना आहे. स्टुअर्ट हॉल यांनी ही गोष्ट सातत्याने मांडली. म्हणून ‘चित्रण खरे आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाला कोणती जागा दिली आहे?’ असे विचारायला हवे.

आर्चीची भूमिका रिंकू राजगुरू यांनी केली. त्यासाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात परश्याकडे रोखून पाहते, आणि मान खाली घालतो तो. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पुरुषी नजरेच्या संकल्पनेची ही उलटापालट आहे, असे उत्तर सहज लिहिता येते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ट्रॅक्टर कोणाचा आहे, हेही विचारा. आर्चीच्या धीटपणामागे तिचा स्वभाव आहे, तशी पाटलाच्या वाड्याची सत्ताही आहे. तिचाच भाऊ वर्गात शिक्षकाला थप्पड मारतो आणि त्याचे काही बिघडत नाही. दोघांना मिळणारी मोकळीक एकाच घरातून येते. फरक असा की, भावाची मोकळीक कायम राहते आणि बहिणीची जोडीदार निवडताक्षणी संपते.

हैदराबादेत हे स्पष्ट होते. तिथे आर्चीला पाटलाची मुलगी म्हणून कोणी ओळखत नाही. तिला कारखान्यात काम करावे लागते, नवी भाषा शिकावी लागते. आणि ज्याच्यासाठी सगळे सोडले, तो परश्याही संशयापायी तिच्यावर हात उगारतो. जातीने खालचा ठरवलेला पुरुषसुद्धा घरात पुरुषसत्तेचा वाटेकरी असू शकतो, हे चित्रपट लपवत नाही. जात आणि लिंगभाव वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते असे.

३. कथन: समतोल कोणाचा?

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांचे कथनाचे प्रारूप तुम्हाला माहीत असेल: समतोल, त्याचा भंग, भंगाची जाणीव, दुरुस्तीचा प्रयत्न आणि नवा समतोल. ‘सैराट’वर ते लावून पाहा. आर्ची-परश्याच्या बाजूने पाहिले तर प्रेम हा आनंदाचा काळ, पकडले जाणे हा भंग, पळून जाऊन संसार उभारणे ही दुरुस्ती आणि हैदराबादचे घर हा नवा समतोल. शेवटची हत्या या चौकटीत बसत नाही. ती चौकट मोडते.

आता तेच प्रारूप पाटलाच्या घरातून लावा. तिथे प्रेम हाच भंग आहे. मुलगी पळून जाणे ही भंगाची जाणीव. शोध ही दुरुस्ती. आणि हत्या म्हणजे समतोलाची पुनःस्थापना. सर्व पायऱ्या चोख बसतात!

हे अस्वस्थ करणारे आहे, आणि या टिपणाचा गाभा इथेच आहे. कथनाचे प्रारूप तटस्थ दिसते, पण ‘समतोल’ हा शब्द तटस्थ नाही. जातिव्यवस्थेलाही आपला समतोल असतो, आणि तो राखण्यासाठी माणसे मारली जातात. म्हणून प्रतिनिधानाचा प्रश्न विचारल्याशिवाय कथनाचे विश्लेषण पूर्ण होत नाही. हा केवळ सिद्धान्ताचा मुद्दा नाही. मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला अशा हत्या रोखण्यासाठी पोलीस आणि प्रशासनाला निर्देश द्यावे लागले. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जमातीने वा पंचायतीने ढवळाढवळ करू नये, असे न्यायालयाने बजावले.

४. प्रेक्षक: एकच चित्रपट, अनेक वाचने

हॉल यांनी १९७३ मध्ये संकेतन-विसंकेतनाची मांडणी केली. तिच्यानुसार प्रेक्षक एखादा संदेश प्रभावी, तडजोडीच्या किंवा विरोधी भूमिकेतून वाचतो. ‘सैराट’च्या बाबतीत तिन्ही वाचने झाली. काहींनी त्याला जातिव्यवस्थेवरचा आघात मानले. काहींनी प्रेमकथा आणि संगीत स्वीकारले, पण शेवट नकोसा वाटला. आणि अशा चित्रपटांमुळे मुलेमुली बिघडतात, असाही आक्षेप घेतला गेला.

इथे एक चूक टाळा. विरोधी वाचन म्हणजे नेहमी पुरोगामी वाचन, असे विद्यार्थी गृहीत धरतात. चित्रपट स्वतःच प्रस्थापिताला प्रश्न विचारत असेल, तर त्याचे विरोधी वाचन प्रस्थापिताच्या बाजूचे असू शकते.

चित्रपटाची एक मर्यादाही नोंदवायला हवी. ‘झिंगाट’ गाण्यावर चित्रपटगृहांत लोक नाचले, आणि ते गाणे लग्नांत, मिरवणुकांत वाजत राहिले. पूर्वार्धाचा आनंद उत्तरार्धापासून सुटून एकटाच गावोगाव फिरला. प्रकाराच्या आधारे प्रेक्षकाला जवळ बोलावण्याची ही किंमत आहे. बोलावलेला प्रत्येक जण शेवटपर्यंत थांबेलच, असे नाही.

५. पडताळा: ‘धडक’

आपले विधान तपासण्यासाठी ‘सैराट’ची हिंदी पुनर्निर्मिती ‘धडक’ (२०१८) उपयोगी पडते. प्रकार तोच, कथेचा सांगाडा जवळपास तोच, ‘झिंगाट’ची चालही तीच. बदलले ते प्रामुख्याने प्रतिनिधान. कथा उदयपूरला गेली. जातीचा उल्लेख येतो, पण तो ओझरता. नायकाचे घर तलावाकाठचे उपाहारगृह चालवणारे, खाऊनपिऊन सुखी. शेवटी हत्या आहे, मात्र तिथे नायिका वाचते.

परिणाम काय होतो? शेवटी धक्का बसतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. एका क्रूर बापाचा आणि भावाचा सूड एवढाच त्याचा अर्थ उरतो. ‘सैराट’मध्ये मारेकऱ्यांच्या मागे सारी समाजरचना उभी दिसते, इथे एक कुटुंब दिसते. एक संकल्पना हलवली आणि उरलेल्या तिघींचे वजन कमी झाले.

समारोप

प्रकार प्रेक्षकाला आत घेतो. प्रतिनिधान त्याला दाखवते की आत सर्वांना सारखी जागा नाही. कथन ठरवते की कोणाचा समतोल ‘समतोल’ म्हणून मोजायचा. आणि प्रेक्षक आपापल्या जागेवरून त्याचा अर्थ लावतो, किंवा लावायचे नाकारतो. यापुढे चित्रपटाविषयी लिहिताना चार शीर्षके जरूर करा, पण एका शीर्षकाखालचे उत्तर दुसऱ्याखाली जाऊन तपासा.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या भाषेतील एका प्रेमकथापटाचे दोन वेगवेगळ्या पात्रांच्या बाजूने तोदोरोव्ह यांच्या प्रारूपानुसार विश्लेषण करा. कोणत्या बाजूने ते सहज बसते आणि का?

२. ‘सैराट’मधील हत्या पडद्यावर दाखवली असती, तर प्रेक्षकाच्या अनुभवात कोणता फरक पडला असता?

३. आर्चीच्या धीटपणात तिच्या जातीय स्थानाचा वाटा किती आहे? चित्रपटातील किमान दोन प्रसंगांच्या आधारे लिहा.

४. चित्रपटातील एखादे गाणे चित्रपटाबाहेर स्वतंत्रपणे लोकप्रिय होते, तेव्हा मूळ कलाकृतीच्या अर्थाचे काय होते? तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन चर्चा करा.