घरातील वाचनशिक्षण आणि ‘चित्रवाचन’ : पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात

माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक मुलाला अक्षरओळखीआधी बोलते करते. चित्र पाहावे, दिसले ते सांगावे, ही त्याची पद्धत. निरक्षर पालकालाही ती साधते, हे या पुस्तकाचे मोठे बलस्थान होय.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. येथे अनेक घरांत मराठी बोलली जाते, शाळेत मात्र प्रामुख्याने हिंदी असते. लिपी एकच असल्याने अडचण नाही, हा समज अपुरा आहे. ‘चूक’, ‘जग’ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच लिहिले जातात, पण उच्चार भिन्न आहेत. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. घरच्या उच्चाराने वाचणारे मूल अशा वेळी विनाकारण चुकीचे ठरू शकते.

नेमकी येथेच पुस्तकाची मर्यादा जाणवते. बोलण्यापासून अक्षरापर्यंतची वाट घरानेच काढावयाची असते. संत्र्याची बाग, जाम नदी, पोळा यांविषयी मूल जे बोलेल, ते थोरल्या भावंडाने त्याच्याच शब्दांत लिहावे व बोट ठेवून वाचून दाखवावे. आपले बोलणे कागदावर उतरते, हे मुलाला उमगले म्हणजे वाचनाचा खरा आरंभ झाला असे म्हणता येईल.