रॉल्फसेनचा तक्ता: हजेरीपट वाचताना

नॉट थिअरीत काम करायचं ठरवलं की गाइड पहिल्यांदा जी पुस्तकं सांगतात, त्यात डेल रॉल्फसेन यांचं 'नॉट्स अँड लिंक्स' हमखास असतं. साल १९७६. मूळ प्रकाशकाचं नाव 'पब्लिश ऑर पेरिश'. पीएचडी करणाऱ्याने यावर हसावं की रडावं, तुम्हीच ठरवा. पुस्तक मला मनापासून आवडतं. चित्रं काढत काढत शिकवणारं, सिद्धता अर्धी सोडून उरलेली वाचकाकडून करून घेणारं. पण बहुतेक जण ते वाचत नाहीत. सरळ शेवटची पानं उघडतात, जिथे दहा क्रॉसिंगपर्यंतच्या गाठींचा आणि नऊ क्रॉसिंगपर्यंतच्या लिंक्सचा तक्ता आहे. तक्रार आहे ती या तक्त्याबद्दल. खरं तर तक्त्यापेक्षा आपण तो ज्या प्रकारे वाचतो त्याबद्दल.

आधी तो काय करतो ते बघा. गाठ म्हणजे दोन्ही टोकं जोडलेली दोरी. ती कागदावर काढली की दोरी स्वतःला जिथे ओलांडते ते क्रॉसिंग. कमीत कमी किती क्रॉसिंगमध्ये ती काढता येते, हा तिचा पहिला आकडा. दुसरा आकडा निव्वळ रोल नंबर. ३_१ म्हणजे ट्रेफॉइल, ४_१ म्हणजे फिगर-एट. म्हणजे हा हजेरीपट आहे, आणि हजेरीपटात शेजारी नाव आलं म्हणून कुणी भाऊ-भाऊ होत नाहीत.

नेमकं हेच विसरायला होतं. ट्रेफॉइल ही टोरस गाठ आहे, म्हणजे मेदूवड्याच्या पृष्ठभागावर दोरी न छेदता गुंडाळून मिळणारी. फिगर-एट तशी मिळत नाही. ती हायपरबोलिक आहे. ट्रेफॉइल आणि तिचं आरशातलं रूप वेगळं आहे (डेन, १९१४). फिगर-एट मात्र आरशात स्वतःच राहते. तक्त्यात दोघी शेजारी. ट्रेफॉइलची खरी भावंडं शोधायची तर ५_१, ७_१, ९_१ इकडे जावं लागतं, आणि मग अनपेक्षितपणे ८_१९ आणि १०_१२४ सापडतात. या दोघीही टोरस गाठीच, पण रोल नंबर बघून ते कळायला काही मार्ग नाही.

थर्स्टनच्या प्रमेयानुसार प्रत्येक खरी गाठ तीनपैकी एका प्रकारात बसते: टोरस, सॅटेलाइट किंवा हायपरबोलिक. सॅटेलाइट कशी, तर पायजम्याच्या नेफ्यालाच गाठ मारलीय आणि नाडी त्या नेफ्यातून आपली वेगळी वळणं घेत फिरतेय, अशी कल्पना करा. हे प्रमेय पुस्तकानंतरचं, त्यामुळे रॉल्फसेनना दोष देता येत नाही. दोष आपल्याला, कारण आपण आजही 'गाठींचे प्रकार' म्हटलं की हा तक्ता दाखवतो. दहा क्रॉसिंगपर्यंतच्या २४९ प्राइम गाठींत टोरस फक्त ६, बाकी २४३ हायपरबोलिक, सॅटेलाइट एकही नाही. तक्त्यावरच वाढलेल्या विद्यार्थ्याला तिसरा प्रकार अस्तित्वात असल्याचा पत्ताच लागणार नाही. होस्ट, थिस्लथ्वेट आणि वीक्स यांनी १९९८ मध्ये सोळा क्रॉसिंगपर्यंत यादी केली. त्यातल्या १७,०१,९३५ खऱ्या गाठींत हायपरबोलिक नसलेल्या अवघ्या ३२: टोरस १२ आणि सॅटेलाइट २०.

हायपरबोलिक गाठींतही नातं लांबचं निघू शकतं. ५_२ चं हायपरबोलिक आकारमान २.८२८१… येतं. बारा क्रॉसिंगच्या (−२, ३, ७) प्रेत्झेल गाठीचंही अगदी तेवढंच. क्रॉसिंगच्या हिशेबात या दोघींची कधी भेटच होत नाही.

आता ती प्रसिद्ध चूक. मूळ तक्त्यात गाठी २५० होत्या. १०_१६१ आणि १०_१६२ ही एकच गाठ दोनदा आली होती. चूक रॉल्फसेन यांची नव्हे, चार्ल्स लिटल यांच्या १८९९च्या यादीतली. लिटल यांनी सहा वर्षं घालवून दहा क्रॉसिंगच्या, आळीपाळीने वर-खाली न जाणाऱ्या ४३ गाठी काढल्या. खऱ्या होत्या ४२. कॉनवे यांनी १९७० मध्ये स्वतःच्या नव्या पद्धतीने यादी केली, तरी जोडी तशीच राहिली. शेवटी १९७४ मध्ये केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने दोन्ही एकच असल्याचं छापून दाखवलं.

'हौशी वकिलाने तज्ज्ञांना हरवलं' अशी ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती मला अर्धवट वाटते. पर्को प्रिन्स्टनमध्ये गाठी शिकलेले होते, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. लिटल यांचा असा समज होता की कमीत कमी क्रॉसिंगच्या चित्रांत राइथ, म्हणजे +१ आणि −१ अशा क्रॉसिंगच्या चिन्हांची बेरीज, बदलत नाही. या दोन चित्रांत ती ८ आणि १० येते (चिन्ह आरशावर अवलंबून), म्हणून गाठी वेगळ्या ठरल्या. म्हणजे इथे नुसती नजरचूक झाली नव्हती. खोट्या प्रमेयावर विश्वास ठेवला गेला होता. गंमत म्हणजे आळीपाळीच्या गाठींसाठी ते प्रमेय खरं आहे. जोन्स बहुपदी आल्यावर १९८०च्या दशकात ते सिद्ध झालं.

त्या चुकीची वसुली अजून चालू आहे. दुसरी नोंद काढल्यावर पुढचे रोल नंबर एकेक मागे सरकले. जुनी १०_१६३ ती नवी १०_१६२, असं शेवटपर्यंत. त्यामुळे इंटरनेटवर बरीच वर्षं 'पर्कोची जोडी' म्हणून १०_१६१ आणि नवी १०_१६२ यांची चित्रं फिरली, आणि त्या तर खरोखरच वेगळ्या गाठी! मीही एका जुन्या लेखातली १०_१६४ची बहुपदी सॉफ्टवेअरशी जुळेना म्हणून चार दिवस स्वतःचा कोड तपासत बसलो होतो. लेख बरोबर, कोड बरोबर, नंबर वेगळा. शेवटच्या चार गाठींपैकी एखादी वापरत असाल तर कोणते आकडे धरलेत ते पहिल्याच पानावर लिहा.

लिंक्सच्या पानांवर आणखी काळजी घ्यावी लागते. तिथल्या चित्रांवर बाण नाहीत. चार क्रॉसिंगची, दोन कड्यांची साधी लिंक घ्या. दोन्ही बाण उलट दिशेने धरले तर ती एका पिळलेल्या पट्टीची किनार होते. एक बाण फिरवला की तिला पट्टी पुरत नाही, एक हँडल असलेला पृष्ठभाग लागतो. एकच चित्र, दोन वेगळी उत्तरं. 'या लिंकचा जीनस किती?' हा प्रश्नच बाण नसेल तर अपुरा आहे. व्हाइटहेड लिंक आणि बोरोमियन कडी यांचा लिंकिंग नंबर शून्य, तरी त्या सुटत नाहीत, हे मात्र ही पानं चाळताना हातानेच काढून बघा. त्यासाठी तक्ता उत्तम आहे.

आणि जे तक्त्यात घेतलंच नाही त्याचं काय? दोन गाठी एकामागोमाग जोडून होणाऱ्या संयुक्त गाठी नाहीत, आरशातली रूपं नाहीत. जागा वाचवायला हे ठीकच. पण दोरी स्वतःमधून किती वेळा आरपार जाऊ दिली की गाठ सुटते, ही संख्या संयुक्त गाठीत सरळ बेरजेने मिळते, असं अनेक दशकं मानलं जात होतं. २०२५ मध्ये मार्क ब्रिटनहॅम आणि सुझन हर्मिलर यांनी ते खोटं ठरवलं. त्यांचं उदाहरण: ७_१ आणि तिचंच आरशातलं रूप, एकत्र जोडलेलं. प्रत्येकीची संख्या ३, म्हणून बेरीज ६ हवी होती; गाठ ५ वेळांतच सुटते. तक्त्यात ७_१ चं चित्र एकच आहे, आरशातलं नाही, आणि जोडगाठ तर नाहीच.